१९४३ ची पोलादी पेनी आणि युद्धकाळातली इतर नाणी: किंमत, पारख, जपणूक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९४३ ची राखाडी अमेरिकन पेनी (एक सेंटचं नाणं) आहे. किती येतील?

हातोहात फिरून झिजलेली, डाग पडलेली असेल तर १० ते ५० सेंट. म्हणजे एका वडापावाचे पैसे, फार तर दोन वडापावांचे. नाण्यावरच्या लिंकनचे केस आणि गालाचं हाड अजून ठसठशीत असेल तर साधारण एक डॉलर. कधीच न वापरलेली, मूळ चकाकी असलेली असेल तर काही डॉलर. त्यापुढे दर्जाच्या अंकाप्रमाणे भाव चढतो (कोऱ्या नाण्यांना एमएस-६० ते एमएस-७० असा दर्जा देतात). एमएस-६५ ला १० ते २० डॉलर, एमएस-६७ ला शंभराच्या वर आणि एमएस-६८ ला हजारांच्या घरात. हे आकडे अंदाजे आहेत आणि बाजाराबरोबर हलतात. पण फिरलेली पोलादी पेनी स्वस्तच राहते, याचं कारण साधं आहे.

ती दुर्मिळ नाही. त्या एका वर्षात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने ६८,४६,२८,६७० नाणी पाडली, डेन्व्हरने २१,७६,६०,००० आणि सॅन फ्रान्सिस्कोने १९,१५,५०,०००. एकूण १०९ कोटींहून जास्त. ती वेगळी दिसते म्हणून लोकांनी हौसेने डब्यात टाकून ठेवली, त्यामुळे आजही गठ्ठ्यांनी मिळते.

पण व्हिडिओत तर याच पेनीला लाखो डॉलर मिळाले असं सांगतात.

ते नाणं हे नव्हे. लाखो डॉलर मिळाले ते १९४३ सालच्या *तांबूस* पेनीला, आणि व्हिडिओच्या चित्रात मुद्दाम राखाडी पेनी दाखवलेली असते. खाली तिच्याबद्दल सविस्तर आहे.

पेनी पोलादाची का केली?

तांबं तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांना आणि तारांना लागत होतं. १९४२ मध्ये अमेरिकी टांकसाळीने प्लॅस्टिक आणि काचेवरसुद्धा प्रयोग करून पाहिले. शेवटी कमी कार्बनच्या पोलादावर जस्ताचा मुलामा ठरला आणि फेब्रुवारी १९४३ पासून नाणी पडू लागली.

वर्षभरातच सगळ्यांना नको झाली. नवी कोरी असताना ती चांदीच्या डाइमसारखी (दहा सेंटच्या नाण्यासारखी) दिसायची, त्यामुळे सुट्ट्या पैशांत घोळ व्हायचा. खोटी नाणी ओढून काढायला वेंडिंग मशीनमध्ये लोहचुंबक बसवलेले असत, ते खरी पेनीही नाकारायचे. आणि सगळ्यात मोठी चूक कारखान्यातली होती: पत्र्याला जस्त आधी चढवलं आणि चकत्या नंतर कापल्या. त्यामुळे कडेला उघडं पोलाद राहिलं आणि घाम लागला की गंज तिथूनच आत शिरला. आज हातात येणाऱ्या बहुतेक पेनी कडेकडून काळ्या किंवा तांबरलेल्या असतात, त्या यामुळेच. ही उघडी कड मात्र पारख करताना उपयोगी पडते.

टांकसाळीची खूण कुठे असते? खुणेमुळे किमतीत फरक पडतो का?

सालाच्या बरोब्बर खाली. डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. फिरलेल्या नाण्यात फरक नगण्य, कोऱ्या नाण्यात डी आणि एस थोडे वर.

'खूण पुसट आहे' किंवा 'एक अक्षर गायब आहे' म्हणून उड्या मारू नका. पोलाद कठीण, त्यामुळे साचे लवकर झिजायचे, आणि साच्याच्या खोबणीत ग्रीस व धूळ बसली की अक्षर उमटायचं नाही. अशी नाणी ढिगाने आहेत. शोधण्यासारखी चूक एकच, डेन्व्हरच्या डीवर दोनदा मारलेला ठसा: मुख्य डीच्या खाली डावीकडे दुसरा डी स्पष्ट बाहेर डोकावतो. ते नाणं बरं फिरलेलं असलं तरी साध्यापेक्षा कितीतरी पट जातं. दहापट भिंगाखाली बघा. डीची कड नुसती जाड वाटत असेल तर तो ठसा नाही, झीज आहे.

घरी तपासायचं तर काय काय लागेल?

लोहचुंबक (फ्रिजवरचा चालेल), ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि दहापट भिंग. काटा आधी माहीत असलेल्या वजनावर तपासून घ्या, स्वस्तातले काटे ओल्या हवेत वाहवतात.

आधी चुंबक. राखाडी पेनी झटकन चिकटायलाच हवी. मग वजन: वर्षाच्या सुरुवातीच्या नाण्यांचं ठरलेलं वजन सुमारे २.६९ ग्रॅम, नंतरच्यांचं सुमारे २.७५. त्यामुळे २.६ ते २.८ च्या दरम्यान काहीही आलं तरी घाबरायचं कारण नाही. नेहमीच्या तांब्याच्या पेनीचं वजन ३.११ ग्रॅम. व्यास दोन्हींचा १९.०५ मिलिमीटर. शेवटी भिंगाने साल, खूण आणि कड.

माझी १९४३ ची पेनी तांबूस आहे!

चुंबक लावा. चिकटली तर पोलादी पेनीवर तांब्याचा मुलामा चढवलेला आहे. जत्रेतल्या खेळण्यासारख्या अशा हजारो पेनी बनल्या, किंमत शून्याच्या आसपास. तांबूस १९४३ बहुतेक वेळा इथेच निकालात निघते.

चिकटली नाही, तर वजन करा. २.९८ ते ३.२४ ग्रॅमच्या बाहेर असेल तर विषय संपला. आत असेल तर आता साल नीट बघायचं, कारण सगळ्यात सफाईची फसवणूक १९४८ च्या पेनीतून होते: ८ चा डावा भाग कोरून काढला की ३ तयार. इथे तुमची वडापावच्या भावाची राखाडी पेनी कामाला येते. दोन्ही शेजारी ठेवा आणि भिंगातून फक्त ३ बघा. खऱ्या १९४३ मधल्या ३ ची शेपटी लांब असते, खाली बरीच उतरते. ८ मधून काढलेला ३ गोलमटोल, आखूड, आणि त्याच्या डावीकडच्या मोकळ्या जागेत खरवडल्याच्या बारीक रेघा किंवा घासून आलेली वेगळीच चमक. आकडा तुमच्या पोलादी पेनीशी तंतोतंत जुळला नाही तर पुढे पैसे घालवू नका.

जुळला, तर ठसा बघा. त्या वर्षी यंत्रांचा दाब कठीण पोलादाच्या हिशेबाने लावलेला होता, म्हणून मऊ ब्राँझवर छाप जास्तच खणखणीत उठला, विशेषतः काठाजवळची अक्षरं. मऊ, सुजल्यासारखी अक्षरं असतील तर ओतीव नक्कल समजा.

हे सगळं पार झालं तर नाण्याला कडेने धरा, पाकिटात ठेवा, घासू नका, आणि सरळ पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या अमेरिकन कंपन्यांकडे पाठवा. गावातल्या सोनाराने घासून कस लावला तर चांगल्या नाण्याचीही माती होते.

खऱ्या तांबूस पेनी आल्या कुठून? आहेत किती?

१९४२ च्या उरलेल्या काही ब्राँझ चकत्या डब्यांच्या फटीत किंवा यंत्राच्या तोंडाशी अडकून राहिल्या आणि पुढच्या वर्षी पोलादी चकत्यांबरोबर छापल्या गेल्या. तिन्ही टांकसाळींची मिळून माहीत असलेली संख्या वीसेक. डेन्व्हरची फक्त एक. ती २०१० मध्ये १७ लाख डॉलरना गेल्याचं जाहीर झालं आणि जानेवारी २०२१ च्या लिलावात तिलाच ८ लाख ४० हजार डॉलर मिळाले. त्यामुळे 'दुर्मिळ नाण्याची किंमत वाढतच जाते' असं कोणी छातीठोक सांगत असेल तर हे उदाहरण ठेवा त्याच्यापुढे.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळकरी मुलाला १९४७ मध्ये शाळेच्या कँटीनमधल्या सुट्ट्या पैशांत अशी एक सापडली. तेव्हा अफवा होती की ही पेनी आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड मोटार देतो. तसं काही नव्हतं. मुलाने पेनी ठेवून दिली आणि ती जानेवारी २०१९ मध्ये २ लाख ४ हजार डॉलरना विकली गेली.

पेनी चांदीसारखी दिसते, पण चुंबकाला चिकटत नाही.

बहुधा शाळेच्या प्रयोगशाळेतला प्रताप. तांब्याची पेनी जस्ताची पूड आणि कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात टाकली की चंदेरी होते, हा रसायनशास्त्राचा नेहमीचा प्रयोग आहे. वजन ३.११ च्या आसपास आलं तर तेच.

वजन २.५ ग्रॅम आलं आणि साल १९४३ असेल तर मात्र थांबा. डाइमच्या चांदीच्या चकतीवर चुकून पेनीचा छाप पडलेली नाणी आहेत आणि त्यांना हजारो डॉलर मिळतात. डाइम लहान असते, म्हणून अशा नाण्यात काठाकडचा मजकूर कापला गेलेला दिसतो.

उलटं, १९४४ ची पेनी चुंबकाला चिकटते.

आधी साल भिंगाखाली तपासा. १९४४ पासून पेनी पुन्हा तांब्याची झाली, पण काही उरलेल्या पोलादी चकत्या छापल्या गेल्या आणि त्याही फार मोलाच्या आहेत. फसवणूक इथेही तीच, फक्त उलट्या दिशेने: पोलादी १९४३ मधला ३ बदलून ४ केलेला.

फिलाडेल्फियाने १९४४ मध्ये याच उरलेल्या पोलादी चकत्यांवर मुक्त झालेल्या बेल्जियमसाठी २ फ्रँकची अडीच कोटी नाणी पाडली. आकार आणि रंग पेनीसारखाच. जुन्या डब्यात राखाडी, चुंबकाला चिकटणारं, पण लिंकन नसलेलं १९४४ चं नाणं निघालं तर बहुतेक हे असतं. काही डॉलरचं नाणं, पण गंमत मोठी.

नव्यासारख्या चकचकीत तीन पेनींचा संच विकत घ्यावा का?

पुठ्ठ्यात बसवलेले 'युद्धकाळातील स्मृतिसंच' बहुतेक पुन्हा मुलामा दिलेल्या नाण्यांचे असतात. गंजलेली नाणी आम्लात घालून जुनं जस्त उतरवायचं, वर नवं जस्त किंवा क्रोमियम चढवायचं. वस्तू म्हणून भेट द्यायला हरकत नाही, संग्रहासाठी किंमत नाही.

ओळखायचं असं. नाणं दिव्याखाली हळूहळू गोल फिरवा. मूळ चकाकी असेल तर प्रकाशाचे आरे चाकासारखे फिरताना दिसतात, नव्या मुलाम्याची चमक भांड्यासारखी एकसंध असते. मग झीज बघा: मागच्या गव्हाच्या ओंब्यांवरच्या रेघा सपाट झाल्यात आणि तरी नाणं लखलखतंय, हे एकत्र होऊच शकत नाही. शेवटी कड. मूळ नाण्यात कडेला पोलादाचा वेगळा, मंद पट्टा दिसतो. पुन्हा मुलामा दिलेल्यात कडही तितकीच चकचकीत.

चिंच, लिंबू किंवा पितांबरीने साफ केली तर?

देवघरातल्या तांब्या-पितळेला चालतं ते इथे चालत नाही. जस्त आम्लात विरघळतं. व्हिनेगर किंवा चिंचेच्या कोळात टाकलं की बुडबुडे दिसतात, ते जस्त जात असल्याचे. काही मिनिटांत काळपट पोलाद उघडं पडतं आणि आठवड्याभरात गंज धरतं. पूड आणि टूथपेस्ट ओरखडे पाडतात. भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या की ग्राहक भाव निम्म्यावर आणतो.

तेलकट चिकटपणा किंवा प्लॅस्टिक पाकिटाचा हिरवट थर असेल तर शुद्ध ॲसिटोन चालतं, कारण ते धातूला लागत नाही. काचेच्या वाटीत पाच मिनिटं बुडवा, चिमट्याने कडेने धरून काढा, हवेत सुकू द्या. पुसू नका. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद ठेवा. पांढरे ठिपके जस्ताच्या क्षाराचे असतात. ते जात नाहीत, तसेच राहू द्या.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात जपायची कशी?

पोलादी पेनीचा खरा शत्रू दमट हवा. मायलरची (पारदर्शक पॉलिस्टरची) खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटं घ्या. मऊ प्लॅस्टिकचं पाकीट नव्या रेनकोटसारखं वासाला आलं तर ते पीव्हीसी आहे (वर सांगितलेला हिरवट थर त्याचाच), टाकून द्या. पाकिटाला मारलेल्या पिना पकडीने सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे पडतात. सगळी पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. पुड्या जूनपासून महिन्याला बदला. गंजलेली पेनी चांगल्यांबरोबर ठेवू नका. नाणं उघडताना पंख्याखाली हात कोरडे करून कडेने धरा: बोटाचा ठसा आज दिसत नाही, दोन महिन्यांनी कायमचा दिसतो.

प्रमाणपत्र करून घ्यावं का?

साध्या पेनीचं नको. शुल्क, टपाल आणि विमा मिळून एका नाण्यामागे तीस-चाळीस डॉलरच्या आत क्वचित भागतं, आणि एमएस-६५ आली तरी नाणं वीस डॉलरचं. डीवर-डी, एमएस-६७ ची खात्रीशीर शक्यता, किंवा चुंबक-वजन-साल तिन्ही पार केलेली तांबूस पेनी, एवढ्यांसाठीच पाठवा.

फोनवर एक जण म्हणतो, दहा लाख देतो, आधी नोंदणी शुल्क भरा.

फोन ठेवा. जुनी नाणी विकत घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि कोणालाही असे पैसे मागायचा अधिकार दिलेला नाही. खरा व्यापारी नाणं बघतो आणि पैसे देतो, विकणाऱ्याकडून मागत नाही.

अमेरिकेत पेनी पाडणं बंद झालं. आता भाव वाढेल?

चलनासाठीची शेवटची पेनी १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात पडली. १९४३ च्या १०९ कोटींवर त्याचा परिणाम होण्याचं कारण नाही.

१९४४ ते १९४६ च्या पेनी तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांच्या असतात म्हणे?

पितळी पुंगळ्यांचं भंगार वापरलं, त्यात तांबं मिसळून ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त असा मेळ केला, कथील वगळलं. गोष्ट छान, भाव नाही.

त्यापेक्षा आजोबांच्या डब्यात १९४२ ते १९४५ ची पाच सेंटची नाणी आहेत का ते बघा. निकेल वाचवायला त्यात ३५ टक्के चांदी घातली होती. मागच्या बाजूच्या इमारतीच्या घुमटावर मोठं पी, डी किंवा एस असेल तर ती चांदीची. पाच ग्रॅमच्या नाण्यात १.७५ ग्रॅम चांदी, म्हणजे झिजलेलं असलं तरी पोलादी पेनीपेक्षा हमखास जास्त मोलाचं.

माझी पेनी मोठी आहे, तिच्यावर राजा आहे.

मग ती अमेरिकन नाही. ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन पेनी ब्राँझची, ३०.८ मिलिमीटर व्यासाची आणि साडेनऊ ग्रॅमच्या आतबाहेर असते. १९४१ ते १९४३ सालच्या ब्रिटिश पेनी चलनासाठी पाडल्याच नाहीत. १९४४ ते १९४६ च्या टांकसाळीतच मुद्दाम काळपट केल्या, नवी चमकदार नाणी लोक साठवू नयेत म्हणून. त्यामुळे त्या काळपट थराला मळ समजून घासू नका.

ऑस्ट्रेलियन असेल आणि साल १९४२ किंवा १९४३ असेल तर राजाच्या मुखवट्याखाली इंग्रजी 'आय' अक्षर शोधा, आणि मागे 'पेनी' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना ठिपके. तो आय म्हणजे इंडिया: ही नाणी मुंबईच्या टांकसाळीत, फोर्टात पडली. ऑस्ट्रेलियाच्या टांकसाळींना मागणी पुरी होईना, म्हणून काम इकडे आलं. तिथे ती काही डॉलरना मिळतात. मेलबर्न-सिडनीकडे कोणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडून दोन मागवा. मुंबईकराच्या संग्रहात अमेरिकन पेनीपेक्षा ही जास्त शोभते.

आणि आपला भोकाचा पैसा?

तोही त्याच टंचाईचं लेकरू. १९४३ पासून पैशाच्या मधोमध मोठं भोक पाडून ब्राँझ वाचवलं: आधीचा पाव आणा (म्हणजे तोच एक पैसा) ४.८६ ग्रॅमचा, भोकाचा पैसा जेमतेम दोन ग्रॅमचा. मुंबई, कलकत्ता आणि लाहोरच्या टांकसाळींनी भरपूर पाडला, म्हणून झिजलेला आजही दहा-वीस रुपयांच्या आसपास मिळतो. घेताना भोकाची आतली कड बघा. बरेच पैसे वॉशर म्हणून वापरले गेले, त्यांच्यावर बोल्टाच्या डोक्याची गोल खूण राहते. कंबरेच्या करगोट्यात ओवलेल्यांची आतली कड एकाच बाजूने गुळगुळीत झिजलेली असते. तसल्यांचे दहा रुपयेसुद्धा देऊ नका.